शहाजीराजे भोसले

शहाजीराजे मालोजीराजे भोसले (अंदाजे १५९४ – २३ जानेवारी १६६४) हे सतराव्या शतकातील दख्खनचे एक प्रमुख मराठा सरदार आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील होते. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही आणि काही काळ मोगल बादशाही अशा तिन्ही सत्तांच्या सेवेत त्यांनी लष्करी कामगिरी केली. १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती पडल्यावर त्यांनी निजामशाही घराण्यातील एका अल्पवयीन मुलास पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवले आणि तीन वर्षे त्याच्या नावाने राज्यकारभार चालवला. १६३६ मध्ये मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांनी त्यांना सध्याच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील माहुली किल्ल्यावर वेढले. या वेढ्याच्या अखेरीस झालेल्या तहाने निजामशाहीचा कायमचा अंत झाला. पुढील आयुष्य शहाजीराजांनी आदिलशाहीचे सरदार म्हणून मुख्यतः कर्नाटकात व्यतीत केले. त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने बंगळूर येथे होते.

घराणे व पूर्वजीवन

भोसले घराणे वेरूळचे. शहाजीराजांचे वडील मालोजी व चुलते विठोजी हे निजामशाहीत शिलेदारी करून नावारूपाला आले. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार आणि शिखर शिंगणापूर येथील तळे ही मालोजीराजांची कामे म्हणून ओळखली जातात. शहाजीराजांच्या मातोश्री उमाबाई या फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातील होत्या. अहमदनगर येथील शाह शरीफ या पीराच्या नावावरून मालोजींनी आपल्या दोन्ही मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, असे सांगितले जाते. शहाजीराजांच्या जन्मवर्षाबाबत अभ्यासकांत मतभेद असून १५९४ पासून १६०२ पर्यंतची वर्षे दिली जातात.

शहाजीराजे लहान असतानाच मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत मारले गेले. त्यानंतर विठोजींनी पुतण्यांचा सांभाळ केला. पुणे व सुपे हे परगणे जहागीर म्हणून भोसले घराण्याकडे राहिले. पुढील अनेक स्थित्यंतरांत धनी बदलले, तरी या जहागिरीशी असलेला घराण्याचा संबंध तुटला नाही.

शहाजीराजांचा विवाह सिंदखेडचे मातब्बर सरदार लखुजी जाधवराव यांची कन्या जिजाबाई यांच्याशी झाला. पुढे निजामशाही दरबारात खंडागळे यांचा हत्ती बिथरल्याच्या प्रसंगातून जाधव व भोसले या घराण्यांत हातघाई झाली. तीत लखुजींचे पुत्र दत्ताजी आणि विठोजींचे पुत्र संभाजी मारले गेले. या प्रसंगाने दोन्ही घराण्यांत वितुष्ट आले.

भातवडीची लढाई

शहाजीराजांची लष्करी जडणघडण निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या हाताखाली झाली. मोगलांच्या मोठ्या फौजांशी उघड्या मैदानावर न भिडता त्यांची रसद तोडणे, वाटा अडवणे आणि डोंगराळ मुलखाचा आश्रय घेणे, ही मलिक अंबरची युद्धपद्धती होती. मराठा पथके तिचा कणा होती.

१६२४ मध्ये मोगल व आदिलशाही यांच्या एकत्रित सैन्याने अहमदनगरवर चाल केली. मलिक अंबरने अहमदनगरजवळील भातवडी येथे तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलपाण्यात अडकवली आणि नंतर छापा घातला. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी या लढाईत मारला गेला व अनेक मोगल सरदार कैद झाले. शहाजीराजांनी या लढाईत मोठे नाव मिळवले. मात्र त्यांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच कामी आले. परमानंदकृत शिवभारत या संस्कृत काव्यात या लढाईचे सविस्तर वर्णन आहे.

मोगल आणि आदिलशाही एकत्र आल्या तर निजामशाहीला दोन बाजूंनी तोंड द्यावे लागते, हे भातवडीने दाखवले. त्या वेळी मलिक अंबरमुळे राज्य तरले. बारा वर्षांनी हीच युती पुन्हा झाली, तेव्हा सामना शहाजीराजांना द्यावा लागला.

दरबारांतील स्थित्यंतरे (१६२५–१६३२)

भातवडीनंतर लवकरच मलिक अंबर व भोसले यांच्यात बेबनाव होऊन शहाजीराजे विजापूरच्या इब्राहिम आदिलशाहाकडे गेले. मलिक अंबर १६२६ मध्ये आणि इब्राहिम आदिलशाह १६२७ मध्ये मृत्यू पावला. त्यानंतर शहाजीराजे निजामशाहीत परतले.

जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाहाच्या आज्ञेने लखुजी जाधवराव यांची, त्यांच्या पुत्रांसह व नातवासह हत्या करण्यात आली. सासऱ्यांशी वैर असले, तरी दरबारातच प्रमुख सरदार कापला गेल्याने शहाजीराजांनी निजामशाही सोडली. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. गरोदर असलेल्या जिजाबाईंना शिवनेरी किल्ल्यावर ठेवण्यात आले होते. तेथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

१६३० मध्ये शहाजीराजे मोगलांच्या सेवेत दाखल झाले व त्यांना पंचहजारी मनसब मिळाली. ही वर्षे दख्खनमधील भीषण दुष्काळाची होती. निजामशाहीत मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने सुलतानास ठार करून हुसेन नावाच्या मुलास गादीवर बसवले आणि मोगलांशी संधान बांधले. त्याच्या समाधानासाठी शाहजहानने शहाजीराजांकडील काही महाल त्याला दिले. त्यामुळे १६३२ मध्ये शहाजीराजांनी मोगलांची चाकरी सोडली.

पेमगिरीची निजामशाही (१६३३–१६३६)

१६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने दौलताबादला वेढा घातला. शहाजीराजे, रणदुल्लाखान व मुरार जगदेव यांनी बाहेरून मोगलांची रसद तोडण्याचा प्रयत्न केला, तरी जून महिन्यात फतेहखानाने किल्ला सोडला. हुसेन निजामशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. मोगलांच्या दृष्टीने निजामशाही येथे संपली होती.

शहाजीराजांनी ती संपू दिली नाही. सप्टेंबर १६३३ मध्ये संगमनेरजवळील पेमगिरी किल्ल्यावर त्यांनी निजामशाही वंशातील मुर्तजा या अल्पवयीन मुलास गादीवर बसवले. मुरार जगदेवाच्या द्वारे विजापूरचे साहाय्य त्यांना मिळाले. दौलताबाद व अहमदनगर ही दोन्ही राजधानीची ठिकाणे मोगलांकडे असल्याने या राज्याचा आधार सह्याद्रीतील किल्ल्यांवर होता. जुन्नर हे त्याचे मुख्य ठाणे बनले. नाशिक, त्र्यंबक, संगमनेर, जुन्नर, पुणे आणि घाटाखालचा उत्तर कोकणचा काही भाग असा पट्टा शहाजीराजांच्या ताब्यात आला. कोणी किल्लेदार स्वखुशीने मिळाले, तर काही किल्ले लढून घ्यावे लागले.

१६३४ मध्ये शाहजादा शुजा व महाबतखान यांनी परांड्याच्या किल्ल्याला घातलेला वेढा फसला. त्याच वर्षी महाबतखान मरण पावला. या काळात शहाजीराजांची पथके मोगलांच्या प्रदेशात खोलवर जाऊन वसुली करीत होती. त्यामुळे दख्खनचा प्रश्न सोडवण्यासाठी शाहजहानने स्वतः दक्षिणेत येण्याचे ठरवले.

मोगल-आदिलशाही तह

शहाजीराजांचा डाव विजापूरच्या पाठिंब्यावर उभा होता. १६३५ मध्ये विजापूर दरबारातील अंतर्गत कलहात खवासखान आणि मुरार जगदेव हे दोघेही मारले गेले. शहाजीराजांच्या बाजूने उभे राहणारे मोठे सरदार त्यामुळे नाहीसे झाले.

१६३६ च्या आरंभी शाहजहान दौलताबादेस पोहोचला. त्याने खानदौरान, खानजमान आणि शायिस्ताखान यांच्या फौजा वेगवेगळ्या दिशांना पाठवल्या. शायिस्ताखानाकडे संगमनेर, नाशिक, त्र्यंबक व जुन्नर ही बाजू देण्यात आली. खानजमानाकडे शहाजीराजांच्या मुलखाचा बंदोबस्त व पाठलाग ही कामगिरी होती. चांदवडच्या परिसरातील अनेक किल्ले अलावर्दीखानाने घेतले. याच वेळी आदिलशाही मुलूखही जाळपोळ व लुटीने हैराण करण्यात आला.

मे १६३६ मध्ये मुहम्मद आदिलशाहाने शाहजहानशी तह केला. त्याने मोगल बादशहाचे वर्चस्व मान्य करून २० लाख रुपयांची पेशकश देण्याचे कबूल केले. त्याच्या मोबदल्यात निजामशाही प्रदेशातील सोलापूर, परांडा, भीमा-नीरेच्या दुआबातील मुलूख आणि कोकण हा भाग त्याला मिळाला. उरलेला प्रदेश मोगलांकडे गेला. शहाजीराजांविषयी तहात स्वतंत्र कलम होते. जुन्नर, त्र्यंबक व इतर किल्ले मोगलांच्या स्वाधीन केल्याखेरीज आदिलशाहाने त्यांना चाकरीत घेऊ नये आणि आपल्या राज्यात थारा देऊ नये, असे त्यात ठरले. ज्या राज्याच्या मदतीने शहाजीराजे तीन वर्षे टिकले होते, त्याच राज्याची फौज आता रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली त्यांच्याविरुद्ध निघाली.

जुलै १६३६ मध्ये शाहजहान दक्षिणेतून परतला व दख्खनची सुभेदारी औरंगजेबाकडे देण्यात आली. मोहीम पुढे चालवण्याचे काम खानजमानाकडेच राहिले.

माहुलीचा वेढा

गडाची रचना

माहुली हा शहापूर तालुक्यातील आसनगावजवळचा डोंगरी किल्ला असून उंचीच्या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील किल्ल्यांत तो अग्रक्रमावर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ८५० मीटरहून अधिक आहे. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे त्याचे तीन भाग उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरलेले आहेत. मधल्या खिंडींमुळे हे भाग एकमेकांपासून तुटलेले दिसतात. चोहोबाजूंनी उभे कडे, माथ्यावर दाट रान आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी यांमुळे थोड्या शिबंदीनिशी गड दीर्घकाळ लढवता येत असे. माथ्यावर महादरवाजाचे व पहारेकऱ्यांच्या देवड्यांचे अवशेष आजही दिसतात.

गडाचे महत्त्व त्याच्या स्थानात आहे. कल्याण बंदरातून थळ घाटाने नाशिककडे जाणारा मार्ग माहुलीच्या पायथ्याच्या मुलखातून जातो. दुसरा प्राचीन मार्ग मुरबाडहून नाणेघाटाने जुन्नरला चढतो. घाटावरून कोकणात उतरलेल्या सैन्याला या दोन्ही मार्गांवर नजर ठेवण्यासाठी माहुलीसारखे दुसरे मोठे ठाणे या भागात नव्हते.

जुन्नरहून माहुलीकडे

तहानंतर खानजमानाने जुन्नरच्या किल्ल्याला वेढा घालण्यासाठी एक फौज ठेवली व तो स्वतः शहाजीराजांच्या मागावर निघाला. पावसाळ्यामुळे घोड नदीला पूर येऊन त्याला काही काळ अडकून पडावे लागले. पुढे तो इंद्रायणीच्या परिसरात लोहगावजवळ येऊन थांबला. शहाजीराजे या वेळी कोंढाणा व तोरण्याच्या डोंगराळ भागात होते. मोगल फौज आणि त्यांच्यामध्ये इंद्रायणी, मुळा व मुठा या नद्या होत्या.

पाऊस ओसरून नद्यांना उतार पडताच मोगल पुढे सरकले. शहाजीराजे कुंभा घाटाने कोकणात उतरले. त्यांनी समुद्रकाठच्या सत्तांकडे आश्रयाची मागणी केली. परंतु दंडाराजपुरी व चौल या दोन्ही ठिकाणांहून त्यांना मदत मिळाली नाही. चौल पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. मोगल बादशहाचा रोष ओढवून घेण्याची पोर्तुगीजांची तयारी नव्हती. समुद्राच्या बाजूने निसटण्याची वाट अशा रीतीने बंद झाली. शहाजीराजे पुन्हा घाट चढून आले. खानजमानाचा पाठलाग चालूच असल्याने त्यांना अखेर उत्तरेस माहुलीकडे वळावे लागले. या धावपळीत त्यांचे काही सामान मागे पडले व सोबतच्या लोकांपैकी बरेचजण पांगले. मुर्तजा निजामशाहास बरोबर घेऊन ते गडावर गेले आणि त्यांनी गडाची मजबुती केली.

वेढ्याच्या काळात जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजी महाराजही माहुलीवर होते, असे काही इतिहासकार मानतात. शहापूर परिसरातही ही परंपरा सांगितली जाते.

वेढ्याचा क्रम

खानजमानाने माहुलीच्या दरवाजांसमोर मोर्चे लावून वाटा अडवल्या. मागोमाग रणदुल्लाखान आदिलशाही फौजेसह आला व त्याने दुसऱ्या बाजूने गडाला वेढले. सरळ हल्ल्याने गड घेणे अवघड असल्याने नाकेबंदी हेच या वेढ्याचे मुख्य साधन होते.

गडावर शहाजीराजांची स्थिती दिवसेंदिवस अवघड होत गेली. जुन्नर वेढ्यात होते, त्र्यंबकची वाट बंद होती आणि पुण्याकडील मुलखात शत्रूचा संचार होता. निजामशाहीचे उरलेले किल्ले एकमेकांपासून तुटले होते. पूर्वी मोगलांविरुद्ध विजापूरची किंवा विजापूरविरुद्ध मोगलांची मदत घेण्याचा पर्याय असे. या वेळी दोन्ही सत्तांच्या छावण्या एकाच गडाच्या पायथ्याशी पडल्या होत्या. बाहेरून मदत येण्याची शक्यता उरली नव्हती.

शहाजीराजांनी खानजमानाकडे वारंवार निरोप पाठवून मोगलांच्या सेवेत घेतल्यास गड देण्याची तयारी दाखवली. ही मागणी मान्य झाली नाही. त्यांनी आदिलशाहाचीच चाकरी पत्करावी, असा बादशाही हुकूम त्यांना कळवण्यात आला. एकदा मोगलांची मनसब सोडून गेलेल्या आणि स्वतः सुलतान उभा करणाऱ्या सरदारास उत्तर दख्खनमध्ये ठेवण्यास शाहजहान तयार नव्हता. अखेर शहाजीराजांनी विजापूरची सेवा मान्य केली.

तहाच्या अटी

१६३६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास तह पूर्ण झाला. शहाजीराजे मुर्तजा निजामशाहास घेऊन गडावरून उतरले. रणदुल्लाखान त्यांना अर्ध्या वाटेवर सामोरा गेला. ठरल्याप्रमाणे मुर्तजाला खानजमानाच्या स्वाधीन करण्यात आले व पुढे त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. शहाजीराजे रणदुल्लाखानाबरोबर विजापूरला गेले.

त्यांच्या ताब्यातील पुढील किल्ले मोगलांना देण्यात आले: जुन्नर (शिवनेरी), जीवधन, चावंड, हडसर, त्र्यंबक, हरिहर आणि त्रिंगलवाडी.

या यादीवरून पेमगिरीच्या निजामशाहीची रचना लक्षात येते. शिवनेरी, जीवधन, चावंड आणि हडसर हे चार किल्ले जुन्नरच्या परिसरातील असून मुरबाडकडून चढणाऱ्या नाणेघाटाच्या मार्गाचे ते रक्षक होते; त्यांपैकी जीवधन तर घाटाच्या माथ्यालगतच उभा आहे. त्र्यंबक आणि हरिहर हे गोदावरीच्या उगमाजवळील डोंगररांगेत आहेत. त्रिंगलवाडी इगतपुरीजवळ असून थळ घाटाच्या माथ्यावरील मुलखावर लक्ष ठेवतो. घाटमाथ्यावरील या दोन किल्लेसमूहांना कोकणातून जोडणारा गड माहुली होता. तो पडताच वरचे किल्ले स्वतंत्रपणे लढवण्यात अर्थ राहिला नाही.

निजामशाहीची स्थापना १४९० मध्ये जुन्नरच्या परिसरात मलिक अहमदने केली होती. जवळपास दीडशे वर्षांनी तिचा शेवटचा सुलतान जुन्नरपासून जवळच, सह्याद्रीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या गडावर शत्रूच्या हवाली झाला.

या तहात शहाजीराजांनी राज्य गमावले, परंतु जीव, कुटुंब आणि आपली पथके वाचवली. पुणे व सुपे परिसरातील जहागीर आदिलशाहाने त्यांच्याकडे कायम ठेवली. त्यांची स्वतःची नेमणूक मात्र महाराष्ट्राबाहेर झाली.

कर्नाटकातील कारकीर्द

विजापूरने शहाजीराजांना रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकच्या मोहिमेवर पाठवले. माहुलीला त्यांना वेढणारा हाच सरदार पुढे त्यांचा वरिष्ठ सहकारी झाला आणि दोघांचे संबंध चांगले राहिले. १६३७ मध्ये इक्केरीच्या वीरभद्र नायकावर स्वारी झाली. १६३८ मध्ये केंपेगौडाकडून बंगळूर घेण्यात आले व ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. विजयनगरच्या पतनानंतर कर्नाटकात उरलेल्या नायक राज्यांशी लढताना शहाजीराजांनी अनेकदा पराभूत राजाला मांडलिक म्हणून कायम ठेवून त्याच्याकडून खंडणी घेण्याचे धोरण ठेवले.

बंगळूर येथील त्यांच्या दरबारात अनेक भाषांतील कवी व पंडितांना आश्रय होता. त्यांच्या आश्रयास आलेल्या जयराम पिंड्ये याने राधामाधवविलासचंपू हा ग्रंथ रचला. त्यात शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन आले आहे. हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला.

पुणे जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली होता. शिवाजी महाराज व जिजाबाई काही काळ बंगळूरला राहून १६४२ च्या सुमारास पुण्यास परतले. थोरले पुत्र संभाजी शहाजीराजांजवळ कर्नाटकातच राहिले.

अटक व सुटका

शिवाजी महाराजांच्या पुणे प्रांतातील हालचाली आणि शहाजीराजांचे कर्नाटकातील नायकांशी असलेले संबंध यांमुळे विजापूर दरबाराचा त्यांच्यावरील विश्वास कमी झाला. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीच्या वेढ्याच्या छावणीत सेनापती मुस्तफाखान याने त्यांना अटक केली. या कामी मुधोळच्या बाजी घोरपडे याने पुढाकार घेतला. कैद केलेल्या शहाजीराजांना अफजलखानाने विजापूरला नेले.

वडिलांच्या सुटकेसाठी शिवाजी महाराजांनी शाहजादा मुराद याच्याकरवी मोगलांशी बोलणी सुरू केली आणि विजापूरवर दडपण आणले. १६ मे १६४९ रोजी शहाजीराजांची सुटका झाली. त्याच्या मोबदल्यात शिवाजी महाराजांना कोंढाणा, तर संभाजीराजांना बंगळूर व कंदर्पी ही ठाणी सोडावी लागली. माहुलीप्रमाणेच येथेही किल्ले देऊन माणसे सोडवण्यात आली. शहाजीराजे नंतर पुन्हा कर्नाटकच्या कामगिरीवर रुजू झाले.

अखेरची वर्षे व मृत्यू

कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे मारले गेले. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी अफजलखानाचा वध केल्यानंतरही शहाजीराजे आदिलशाही सेवेतच राहिले. पुढे त्यांनी महाराष्ट्रात येऊन पुत्राची भेट घेतल्याचे बखरींत सांगितले आहे.

२३ जानेवारी १६६४ रोजी सध्याच्या कर्नाटकातील चन्नगिरी तालुक्यातील होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी होदिगेरे येथे आहे. शिवाजी महाराज त्या महिन्यात सुरतेच्या मोहिमेवरून परतत होते.

कुटुंब

जिजाबाईंपासून शहाजीराजांना संभाजी व शिवाजी हे पुत्र झाले. दुसऱ्या पत्नी तुकाबाई या मोहिते घराण्यातील होत्या. त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी पुढे तंजावरच्या मराठा राज्याची स्थापना केली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात कोरलेल्या विस्तृत मराठी शिलालेखात भोसले घराण्याचा इतिहास दिलेला आहे. शहाजीराजांच्या दोन पुत्रांच्या शाखांनी अशा रीतीने महाराष्ट्र व तमिळ प्रदेश या दोन्ही ठिकाणी राज्य केले.

माहुलीचा नंतरचा इतिहास

१६३६ च्या तहानुसार कल्याणसह कोकणचा भाग आदिलशाहीकडे गेला. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १६५८ च्या आरंभी, माहुली स्वराज्यात आणला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुलीचा समावेश होता. फेब्रुवारी १६७० मध्ये तो परत घेण्याचा मराठ्यांचा प्रयत्न किल्लेदार मनोहरदास गौड याने हाणून पाडला. मात्र पुढे किल्लेदार बदलल्यावर त्याच वर्षीच्या जून महिन्यात मोरोपंत पिंगळे यांनी गड जिंकला.

सध्या गडाचा परिसर तानसा अभयारण्याच्या जंगलाने वेढलेला आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि आसनगाव रेल्वे स्थानक जवळ असल्याने गिर्यारोहकांची व इतिहासप्रेमींची येथे वर्दळ असते.

साधने व मूल्यमापन

माहुलीच्या वेढ्याची सर्वांत तपशीलवार माहिती शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याच्या बादशाहनामा या फारसी ग्रंथात मिळते. त्यात शहाजीराजांचा उल्लेख साहू भोसला असा येतो व सर्व घटना मोगल छावणीच्या दृष्टीने मांडलेल्या आहेत. शिवभारत, राधामाधवविलासचंपू, आदिलशाही तवारिखा व मराठी बखरी यांतून शहाजीराजांच्या चरित्राच्या इतर बाजू कळतात.

वारंवार पक्ष बदलणारा सरदार, अशी शहाजीराजांची प्रतिमा काही जुन्या लेखनात आढळते. त्या काळी दख्खनमधील सरदाराची निष्ठा प्रामुख्याने वतन, जहागीर आणि घराण्याच्या सुरक्षिततेशी जोडलेली असे व दरबारातील सत्तांतराबरोबर त्याला नवा धनी शोधावा लागे. या पार्श्वभूमीवर १६३३ ते १६३६ ही वर्षे वेगळी ठरतात. या काळात शहाजीराजांना सुलतानाची आज्ञा पाळायची नव्हती. सुलतान त्यांच्याच आधाराने उभा होता. मुलूख, किल्ले, वसुली, सैन्य आणि परराज्यांशी बोलणी या सर्व बाबी त्यांच्या हातात होत्या. राजवाडे यांच्यासह अनेक अभ्यासकांनी या प्रयत्नाकडे शिवाजी महाराजांच्या स्वराज्याची पूर्वपीठिका म्हणून पाहिले आहे.

दोन्ही प्रयत्नांतील फरकही महत्त्वाचा आहे. शहाजीराजांनी सत्ता एका जुन्या राजवंशाच्या नावाने चालवली. तो वंशज शत्रूच्या हाती जाताच त्या सत्तेचा कायदेशीर आधार संपला. त्यांचे किल्ले विजापूर अनुकूल असेपर्यंतच सुरक्षित होते आणि समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे स्वतःचे ठाणे नव्हते. शिवाजी महाराजांनी स्वतःच्या नावाची राजमुद्रा चालवली, कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची उभारणी सुरू केली आणि १६७४ मध्ये राज्याभिषेक करून घेतला. माहुलीवर ज्या तीन गोष्टींच्या अभावी पेमगिरीची निजामशाही संपली, त्यांची पूर्तता पुढच्या पिढीने केली.